तिसरा रकाना

चुरी मॅडमनी कंपनीतलं आग विझवायचं नळकांडं एका मंगळवारी दुपारी साडेतीनला रिकामं केलं. आग लागलेली नव्हती. नळकांडं तीन वर्षं भिंतीवर टांगलेलं होतं. त्यावर तपासणीची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर दर सहा महिन्यांनी कुणाची तरी सही होती.

"सही चिठ्ठीची झालीये," मॅडम म्हणाल्या. "नळकांड्याची कुठे झालीये?"

आणि त्यांनी पिन ओढली. नळकांडं उत्तम चालत होतं. पुढचा तासभर अकरा माणसं टेबलांवरची पांढरी पूड पुसत होती. दुसऱ्या दिवशी योगायोगाने वसाहतीच्या कार्यालयातून तपासनीस आला, त्याला भिंतीवर मोकळा खिळा दिसला आणि त्याने कंपनीला लेखी ताकीद दिली. ताकीद वाचून मॅडमना समाधान वाटलं. त्यांच्या मते त्या खिळ्याकडे कुणी तरी पहिल्यांदाच नीट पाहिलं होतं.

ही कंपनी वसई पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात होती. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा कारखाना, शेजारी पट्ट्यांची बकलं ओतणारा. खालच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या पाण्याच्या पेल्यांत वर्तुळं उमटत. वॉचमन येणाऱ्याजाणाऱ्यांना आमची ओळख 'वरचे कॉम्प्युटरवाले' अशी करून देई, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणी बिघडलेला प्रिंटर काखेत घेऊन जिना चढून येई. नव्या शतकातल्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धातली, लोडशेडिंगची वर्षं होती. शुक्रवारी वसाहतीची वीज बंद, म्हणून शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी काम. परदेशातल्या ग्राहकाला हे कधी कळलं नाही. आम्ही शुक्रवारी कामाला का नसतो याचं कारण तो धर्मात शोधत असावा.

काम असं होतं. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमला एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. कर्नल चालू असतानाच त्याच्या एखाद्या कामावर पहारा बसवता येतो: अमुक काम सुरू झालं की नोंद कर, संपलं की नोंद कर. या पहाऱ्याला ट्रेसिंग म्हणतात. पहारेकरी जागा आहे की डुलक्या घेतोय, हे तपासणाऱ्या छोट्या छोट्या चाचण्या असतात. त्या चाचण्या लिहिणं, चालवणं आणि दर सोमवारी किती पास, किती नापास ते ग्राहकाला कळवणं, हा कंपनीचा धंदा. मी वर्तमानपत्रातली उपसंपादकी सोडून तिथे अहवालांचं लेखन करायला आलो होतो. चुरी मॅडम चाचण्यांच्या प्रमुख होत्या. पदाने नव्हे. पद त्यांना द्यायचं राहून गेलं होतं.

वय पंचेचाळीसच्या आसपास. माहेर आणि सासर दोन्ही वसईतल्या बागायतदारांचं, राहणं तिथल्याच गास गावात. आधी बारा वर्षं एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासण्याचं काम केलेलं. कारखाना बंद पडल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकल्या. वर्गातले बाकीचे विद्यार्थी त्यांना काकू म्हणत आणि परीक्षेच्या वेळी त्यांच्या मागच्या बाकासाठी भांडत. स्कूटी सुरू करण्याआधी त्या दोन्ही ब्रेक दाबून पाहत, मग गाडी दोन पावलं ढकलून पुन्हा दाबत. 'झालं' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. त्या 'झालेलं दिसतंय' म्हणत. चहात साखर घातली आहे असं सांगितलं तर मान डोलावत आणि घोट घेऊन मगच "हो" म्हणत.

माझ्या पहिल्या अहवालात 'सर्व चाचण्या यशस्वी झाल्या' असं वाक्य होतं. त्यांनी त्यावर पेन्सिलीने गोल केला.

"अहो पेपरवाले, कोणी पाहिलं?"

"यंत्राने तसं छापलंय," मी म्हणालो.

"छापलेलं खरं असतं का? तुम्हाला तरी हे सांगायला नको."

त्यानंतर वाक्य बदललं: 'सर्व चाचण्यांनी यश कळवलं.' ग्राहकाला फरक जाणवला नाही. मॅडमना जाणवला, तेवढ्यावर ते टिकलं.

त्यांची तपासण्याची एकच पद्धत होती. नवी चाचणी कुणी लिहून आणली, पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पास' आलं, की त्या म्हणत, "छान. आता नापास करून दाखवा." मग ज्याच्यावर पहारा आहे तो भाग मुद्दाम मोडायचा आणि चाचणीला ते कळतं का पाहायचं. बऱ्याच चाचण्यांना कळत नसे. गाभ्यात काहीही मोडून ठेवलं तरी त्या आनंदाने हिरव्या राहत. अशा चाचणीला मॅडम 'हळदीकुंकू' म्हणत.

"आलेल्या प्रत्येकीला वाण," त्या सांगत. "परत कुणालाच पाठवायचं नाही. तो समारंभ झाला. त्याला परीक्षा म्हणत नाहीत."

रॉबिन लोपीस यंत्रं आणि वीज सांभाळत असे. चाळिशीतला, वसईच्या जुन्या कॅथलिक घरातला, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्या चर्चमध्ये असतात तर फादरलाच कुमसाराला बसवलं असतंत. सांग म्हणून, तुझी पापं काय."

"बसवलं असतं," मॅडम म्हणाल्या. "आणि एक पाप मुद्दाम चुकीचं सांगून बघितलं असतं, ऐकतायत का ते."

एका शुक्रवारी त्यांच्या वाडीत जाण्याचा योग आला. वाडीत केळी, नारळ आणि कडेला विड्याच्या पानांचे वेल. त्यांच्या सासूबाई ओसरीवर पानं लावत बसल्या होत्या. "अटे बस," त्यांनी जागा दाखवली आणि काम चालू ठेवलं. पान उचलायचं, उलटं करायचं, देठाकडून बघायचं, मग रचायचं. मी एक गड्डी हातात घेऊन वरचं पान छान आहे असं म्हटलं. म्हाताऱ्या बाई हसल्या. वरचं पान सगळ्यांचंच छान असतं, व्यापारी गड्डी मधून उघडतो, असं त्यांनी सांगितलं. सून तेव्हा विहिरीच्या पंपाशी होती. पंप आधी चालू होता. तो बंद पडल्यावर पुन्हा सुरू होतो का, हे पाहायला त्यांनी तो बंद केला होता आणि आता तो सुरू होत नव्हता.

तर ही बाई, आणि तिच्यासमोर एका गुरुवारी सकाळी टेम्पोतून उतरलेली पेटी.

पेटीत ग्राहकाने पाठवलेलं यंत्र होतं. तोवर आमच्या सगळ्या चाचण्या एकाच जातीच्या प्रोसेसरवर चालत आल्या होत्या, जो घरोघरच्या संगणकात असतो तो. पेटीतला प्रोसेसर वेगळ्या घडणीचा होता. कर्नल तोच, चाचण्या त्याच, खालची जमीन वेगळी. ग्राहकाचं म्हणणं सरळ होतं: या जमिनीवरही चाचण्या चालवून दाखवा, तीन वर्षांचं काम तुमचं. मालक कामतसाहेबांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. काम मिळालं तर कुणालाही काढावं लागणार नाही, आणि चुरी मॅडमना विभागप्रमुखाचं पद मिळेल. पद मिळणार हे मॅडमनी घरी सांगितलं. त्यांच्या बाबतीत ही असाधारण गोष्ट होती, कारण ते अजून झालेलं दिसत नव्हतं.

यंत्र चालू केलं. चाचण्या लावल्या. वीस मिनिटांत सगळ्या पास. कामतसाहेबांनी पेढे मागवले.

मॅडमनी पेढा घेतला आणि टेबलावर ठेवला.

"रोज याला पावणेदोन तास लागतात," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटांत कसं?"

"यंत्र फास्ट असेल, मॅडम," लोपीस म्हणाला. "केवढं वजन आहे बघा त्याचं."

"वजनाने फास्ट होत असतं तर खालच्या कारखान्यातली पिंपं उडाली असती."

त्यांनी नेहमीचा उपाय केला. एक भाग मुद्दाम मोडला. सगळ्या पास. दुसरा मोडला. सगळ्या पास. शेवटी ट्रेसिंगची सोयच कर्नलमधून काढून टाकली, म्हणजे पहारेकऱ्यालाच रजा दिली. सगळ्या पास, आणि या वेळी अकरा मिनिटांत.

कारण शोधायला त्यांना चार दिवस लागले. त्यांनी ते मला अहवालासाठी सांगितलं ते असं: "आमच्या गावात बघा, पाटी रस्त्यावर असते आणि माणूस मागे वाडीत. जुन्या प्रोसेसरवर कर्नलच्या कामाचं नाव शोधलं की तिथेच ते काम सापडायचं. नव्यावर त्या नावापाशी फक्त चिठ्ठी आहे, काम अमुक ठिकाणी राहतं म्हणून. आपण पहारा पाटीवर बसवायला गेलो. कर्नल म्हणाला, इथे बसता येणार नाही. चाचणी म्हणाली, बरं, नाही तर नाही. आणि घरी गेली."

"मग पास कसं छापलं गेलं?"

चाचण्यांचे निकाल मोजणारी जी छोटी स्क्रिप्ट होती, ती त्यांनी पडद्यावर उघडली. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. हेमलता चुरी.

त्याचा उगम वसाहतीच्या विजेत होता. दर गुरुवारी संध्याकाळी वीज जायची ती शनिवारीच यायची. चालू असलेल्या चाचण्या अर्ध्यात तुटत, काही सुरूच होत नसत आणि सोमवारी त्या नापासांत मोजल्या जात. ग्राहक विचारी, दर आठवड्याला याच का नापास? त्याला लोडशेडिंग समजावून सांगणं अवघड होतं. तेव्हा मॅडमनी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: जी चाचणी सुरूच होऊ शकली नाही, ती नापास धरू नये. न्याय्य होतं. पण ग्राहकाच्या फॉर्ममध्ये रकाने दोनच. जी नापास नाही ती पासमध्ये पडली. दोन वर्षं पडत राहिली.

वसईतली वीज जाते म्हणून दूरदेशीच्या एका कंपनीचा असा समज झाला होता, की आपलं सॉफ्टवेअर निर्दोष आहे.

मॅडम कामतसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. केबिन म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे बैठक सर्वांची झाली.

"ग्राहकाला कळवायला हवं," मॅडम म्हणाल्या. "नव्या यंत्राचंही आणि मागच्या दोन वर्षांचंही."

"मागचं कशाला?" कामत म्हणाले. "मॅडम, त्यांनी काय विचारलं? पास किती. आपण काय सांगितलं? इतक्या. यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही. परीक्षा झाली नाही, एवढंच."

"चूक कुणाची आहे हे बाहेर माहीत आहे का?"

"नाही."

"मग नव्या यंत्राचं गुपचूप नीट करा ना. महिना घ्या. मी तारीख वाढवून मागतो. मागच्याला हात लावू नका. अकरा घरं आहेत, मॅडम. त्यातलं एक तुमचं."

"माहीत आहे. म्हणून तर चार दिवस झोपले नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मागच्या दोन वर्षांत त्यातली कुठली चाचणी खरंच नापास होती हे मला माहीत नाही, तुम्हाला नाही, त्यांना नाही. आणि ते त्याच्यावर पुढचं बांधतायत."

"त्यांच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत."

"मग फॉर्म चूक आहे."

कामत वाईट माणूस नव्हता. त्याने डोकं धरलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "पाठवा. पण कंपनीची चूक म्हणून नका लिहू."

"माझी म्हणून लिहिते."

पत्र मी लिहिलं. मॅडमनी त्यातली दोन विशेषणं आणि एक 'दुर्दैवाने' काढून टाकलं. "दैवाचा काय संबंध? ओळ मी लिहिली." सोबत नवा तक्ता जोडला, तीन रकान्यांचा: पास, नापास, झालीच नाही. ग्राहकाच्या प्रणालीने तक्ता परत पाठवला. तिसरा रकाना तिला वाचता येईना. तेव्हा मॅडमनी 'झालीच नाही' त्या सगळ्या नापासांत घातल्या. एका सोमवारी आमचा नापासांचा आकडा शून्यावरून डोंगराएवढा झाला.

पुढच्या सहा आठवड्यांत त्यांनी जे केलं, त्याला मी नंतरही त्या गाळ्यात किंवा बाहेर तोड पाहिली नाही. प्रत्येक चाचणी उघडली. पाटीवर थांबू नको, चिठ्ठी वाच, माणूस जिथे आहे तिथे जा, असं तिला शिकवलं. पत्ते चाचणीत कोरून ठेवणं बंद केलं. चाचणी ज्या यंत्रावर उतरेल त्याच्याच कर्नलला विचारू लागली. आणि प्रत्येक चाचणी आधी नापास करून दाखवली. जुन्या यंत्रावर एकदा, नव्यावर एकदा. लोपीसने त्यांच्यासाठी खालच्या कारखान्याच्या जनरेटरवरून वायर ओढली. त्या कारखान्याच्या मालकाला त्याने काय सांगितलं ते त्याने सांगितलं नाही. पण त्या महिन्यात आमच्याकडचे दोन पंखे खाली दिसले.

"मॅडम, तुमच्यामुळे माझी नोकरी जाणार," तो रोज सकाळी म्हणे.

"जाईलसं दिसतंय," मॅडम म्हणत. "ती वायर जरा घट्ट करा, लोपीस."

सहा आठवड्यांनी डोंगर उतरला. बहुतेक नापास चाचण्यांचा दोष चाचणीतच होता, तो निघाला. दोन उरल्या. त्या चाचण्या बरोबर होत्या आणि कर्नल चूक होता. एकीत पहारा उठवल्यावरही नोंदी लिहिल्या जात होत्या. दुसरीत पहारा बसला की यंत्र जागच्या जागी गोठत होतं. मॅडमनी ते यंत्र नऊ वेळा गोठवलं. नवव्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत आनंद म्हटलं असतं.

ग्राहकाने तोवर आकडा पाहिला होता. त्याचं उत्तर सभ्य होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभार होते. आकड्यांतली अस्थिरता चिंताजनक आहे असं होतं. काम दुसऱ्या शहरातल्या, असंच यंत्र असलेल्या एका कंपनीकडे दिलं आहे, तरी चाचण्या आणि स्क्रिप्ट त्यांच्याकडे सुपूर्द कराव्यात आणि यंत्र परत पाठवावं, असं होतं. मॅडमनी सुधारलेलं सगळं त्या कंपनीला पाठवलं. आठवड्याने तिकडून विनंती आली. ती मी मॅडमना वाचून दाखवली: नव्या आवृत्तीत दोन चाचण्या नापास होत आहेत, तरी कृपया जुनी आवृत्ती पाठवावी, जी नीट चालत होती.

लोपीस इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. मॅडम हसल्या नाहीत.

"पाठवणार?" मी विचारलं.

"त्यांनी मागितलीये. पाठवायला हवी," त्या म्हणाल्या, आणि जुन्या आवृत्तीतली ती ओळ पडद्यावर उघडली. "त्यांच्याकडे शुक्रवारी वीज असते का हो?"

"असते."

"मग त्यांना ती ओळ लागणारच नाही," त्या म्हणाल्या. जुनी आवृत्ती त्यांनी पाठवली. त्यातली ती एक ओळ तेवढी काढली आणि काढली आहे असं पत्रात लिहिलं. तिकडून उत्तर आलं नाही. ती ओळ परत घालायला कुणालाही दोन मिनिटं पुरतात, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

कंपनीने त्याच महिन्यात गाळा सोडला. लोपीस नायगावला, खाडीच्या बाजूला उठणाऱ्या टॉवरमध्ये लिफ्टची कामं पाहू लागला. चुरी मॅडम एका शाळेत संगणक शिकवतात आणि त्यांच्या वर्गात पहिल्या तिमाहीला सगळे नापास होतात, असं ऐकलं. ऐकीव आहे, तपासलेलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते यंत्र परत जाण्याच्या दिवशी. सकाळी अकराचा सुमार. टेम्पो खाली उभा, दोन हमाल जिन्यात बसलेले, ड्रायव्हर हॉर्न देत होता. यंत्र पेटीत उतरवलेलं होतं, पेटीला झाकण लावायचं बाकी होतं. मॅडमनी एका कोऱ्या कागदावर हाताने दोन चाचण्यांची नावं लिहिली. प्रत्येकीखाली नेमकं काय केलं की काय होतं, ते तीन-तीन ओळींत लिहिलं. खाली स्वतःचं नाव नव्हतं. मग कागद घेऊन त्या पेटीपाशी गेल्या आणि तो यंत्राच्या वरच्या पत्र्यावर, आतल्या बाजूने चिकटपट्टीने लावू लागल्या.

"मॅडम, ते कोण वाचणार?" लोपीस म्हणाला. "त्यांना हिरवं पाहिजे."

"पत्रा उघडेल तो."

"कशाला उघडेल कुणी?"

"गोठल्यावर," मॅडम म्हणाल्या.

खालून पुन्हा हॉर्न वाजला. हमाल उठून आत आले. मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं. चिकटपट्टीचा एक कोपरा नखाने धरून ओढला. तो सुटला. त्यांनी पट्टी पूर्ण काढली, पत्र्यावरची भांड्यांच्या पॉलिशची बारीक धूळ पदराने पुसली आणि नवी पट्टी लावली. पुन्हा ओढली. सुटली नाही.

"न्या," त्या हमालांना म्हणाल्या.